पाव फेऱ्याचे फास्टनर पत्र्याच्या दारावर बसवताना

आपला प्रश्न असा आहे. घरी बांधत असलेल्या विमानाच्या फ्यूजलाजच्या, म्हणजे धडाच्या, बाजूला, बॅटरी आणि उपकरणांपर्यंत हात पोचावा म्हणून, आपण ०.८ मिलिमीटर जाडीच्या २०२४-टी३ या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या पत्र्याचे ३०० गुणिले २२० मिलिमीटरचे दार केले आहे. त्याच्या पुढच्या कडेला पियानो बिजागरी आहे आणि मागच्या कडेला पाव फेऱ्याचे, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने पाव फेरी फिरवले की लागणारे, तीन फास्टनर बसवायचे आहेत. उरलेल्या पत्र्यावर करून पाहिलेल्या चाचणीत एक फास्टनर लागतच नाही, तर दुसरा लागतो पण दार खडखडते. चूक स्टडच्या, म्हणजे दारात बसणाऱ्या फिरत्या खिळीच्या, लांबीत आहे की भोकांत, आणि तीन फास्टनर पुरतील का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

बहुधा चूक दोन्हींत थोडी थोडी आहे, आणि तिचे मूळ एकाच गैरसमजात आहे. आपण या फास्टनरकडे स्क्रू म्हणून पाहत आहात. स्क्रू आवळत नेला की तो दोन पत्र्यांमधली फट स्वतः मिटवतो आणि बांधणाऱ्याच्या चुका पोटात घालतो. पाव फेऱ्याच्या फास्टनरला एकच ठरलेली लांबी आणि एकच ठरलेली जागा असते. तो दार ओढून बसवत नाही, आधीच नीट बसलेल्या दाराला फक्त धरून ठेवतो. म्हणून काम उलट्या क्रमाने करावे लागते: आधी दार आणि चौकट, मग भोके, मग रिसेप्टॅकल (चौकटीवरचा, स्टडला पकडणारा भाग), आणि स्टडची लांबी अगदी शेवटी, प्रत्यक्ष जाडी मोजून. बहुतेक जण स्टड आधी मागवतात आणि मग दाराला त्या स्टडशी जुळवून घ्यायला लावतात.

प्रकारांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण लांबी ठरवण्याची रीत त्यावर अवलंबून आहे. विमानांत डझूस, कॅमलॉक आणि एअरलॉक ही तीन नावे नेहमी आढळतात. डझूसच्या स्टडच्या टोकाला तिरकी, पिळाची खाच असते, चौकटीच्या आतल्या बाजूला दोन टोकांना रिव्हेट केलेली तारेची स्प्रिंग असते, आणि स्टड फिरवला की ती तार खाचेत चढत जाऊन शेवटच्या खळग्यात बसते. (विल्यम डझूस हे युक्रेनमधून अमेरिकेत गेलेले कारागीर होते. १९३० च्या दशकात त्यांनी ही कल्पना रूढ केली आणि आजही अनेक कारखान्यांत कोणत्याही पाव फेऱ्याच्या फास्टनरला त्यांच्याच नावाने ओळखतात.) कॅमलॉक आणि एअरलॉकमध्ये स्टडला आडवी पिन असते आणि चढ-उतार असलेला कॅम रिसेप्टॅकलमध्ये असतो. डझूसच्या क्रमांकात डोक्याचा प्रकार, खोडाचा व्यास इंचाच्या सोळाव्या भागांत आणि लांबी इंचाच्या शंभराव्या भागांत दिलेली असते. कॅमलॉकच्या प्रचलित मालिकांत मात्र क्रमांकातल्या डॅशनंतरचा (आडव्या रेघेनंतरचा) आकडा एकाने वाढला की पकड, म्हणजे स्टड धरू शकेल ती एकूण जाडी, ०.०३० इंचाने, म्हणजे सुमारे ०.७६ मिलिमीटरने वाढते. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण आपल्या खडखडाटाचे उत्तर त्यातच आहे. आपल्या दारासाठी मी कॅमलॉक धर्तीचा फास्टनर घेईन. त्याचे रिसेप्टॅकल थोडे तरंगते असते, म्हणजे आपल्या जागी किंचित सरकू शकते, आणि नवख्या हाताला ती सवलत फार उपयोगी पडते.

आता तीन फास्टनर पुरतील का ते पाहू. समजा विमान ताशी २५० किलोमीटर वेगाने जात आहे. समुद्रसपाटीच्या हवेत त्या वेगाचा गतिजन्य दाब सुमारे २,९५० पास्कल होतो. दाराच्या आतला आणि बाहेरचा दाब यांत तेवढाच फरक पडला असे धरले, तरी ०.०६६ चौरस मीटरच्या दारावर एकूण ओढ सुमारे १९५ न्यूटन, म्हणजे वीस किलोच्या आसपास येते. त्यातली निम्मी बिजागरी घेते. उरलेले दहा किलो तीन फास्टनरमध्ये वाटले, तर कोणत्याही चांगल्या फास्टनरला तो भार किरकोळ आहे. तेव्हा फास्टनर तुटण्याची चिंता करू नये. चिंता आहे ती पत्रा फुगण्याची. ०.८ मिलिमीटरचा पत्रा ३०० मिलिमीटरच्या वरच्या आणि खालच्या मोकळ्या कडांवर बाहेरच्या बाजूला वाकतो, तिथे फट पडते, फटीत हवा शिरते, दार थरथरू लागते आणि त्या थरथरीने स्टडची भोके झिजतात. म्हणून माझा सल्ला असा की मागच्या कडेला तीनऐवजी दोन फास्टनर, कोपऱ्यांजवळ, लावावेत आणि वरच्या व खालच्या कडेच्या मध्यावर प्रत्येकी एक असावा. एकूण चार होतील. एका फास्टनरपासून दुसऱ्यापर्यंत किंवा बिजागरीपर्यंतचे अंतर मग कुठेही १७० मिलिमीटरच्या पुढे जाणार नाही. तेही पातळ पत्र्याला जास्तच आहे, म्हणून दाराच्या आतल्या बाजूला ०.६ मिलिमीटर पत्र्याची टोपीच्या आकाराची एक पट्टी किंवा कडेने फिरणारा डबलर, म्हणजे मजबुतीसाठी लावलेला जादा पत्रा, रिव्हेट करावा. शिवाय दाराच्या तिन्ही मोकळ्या कडा, फास्टनरची भोके पाडण्यापूर्वी, अगदी किंचित, एक-दोन अंशांनी, आत वळवून घ्याव्यात. मग दार बंद होताना कड आधी टेकते, मधला भाग नंतर बसतो, आणि दोन फास्टनरमधली फट दिसत नाही. ही युक्ती साधी आहे, पण तिने जेवढा फरक पडतो तेवढा एखाद्या जादा फास्टनरनेही पडत नाही.

बिजागरी पुढच्या कडेला ठेवण्याचा आपला निर्णय बरोबर आहे. चुकून एखाद्या वेळी सगळे फास्टनर उघडे राहिले, तरी समोरून येणारा वारा दार बंद करण्याच्या बाजूने काम करतो. बिजागरी मागे असती तर वाऱ्याने दार उचलून उपटलेच असते. मात्र इथे एक खुलासा आवश्यक आहे. मी जे सांगतो आहे ते तपासणीच्या, सामानाच्या वा बॅटरीच्या दाराबद्दल आहे. माणसांच्या ये-जा करण्याच्या दारावर किंवा कॅनोपीवर केवळ पाव फेऱ्याच्या फास्टनरवर विसंबू नये. तिथे आतून आणि बाहेरून एका हाताने उघडणारी, स्वतःची कुलूपबंदी असलेली खिट्टी हवी, कारण अपघातानंतर आत अडकलेल्या माणसाकडे स्क्रूड्रायव्हर शोधण्याइतका वेळ नसतो.

चौकटीकडे वळू. दाराच्या मागे पत्र्याची जी कड फास्टनर धरणार आहे, ती निदान २५ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड असावी. २.४ मिलिमीटरच्या रिव्हेटला पत्र्याच्या कडेपासून मध्यापर्यंत किमान दोन व्यास, म्हणजे ४.८ मिलिमीटर, अंतर लागते, आणि डोके पत्र्यात बुडवायचे असेल तर मी अडीच व्यास, म्हणजे ६ मिलिमीटर, सोडतो. रिसेप्टॅकलची दोन्ही रिव्हेट-भोके आणि मधले मोठे भोक त्या कडेत बसवून पाहिले की अरुंद चौकट का चालत नाही हे आपोआप कळते. चौकट हाताने दाबल्यावर वाकत असेल, तर फास्टनर लागल्यावर तीच वाकणार आहे. लांबीचा सगळा हिशेब मग वाया जातो.

भोके पाडताना दार आणि चौकट यांची मापे वेगवेगळी घेऊन टेबलावर वेगवेगळी भोके कधीही पाडू नयेत. माझ्या पहिल्या विमानावर मी नेमके हेच केले होते. मापे अचूक होती, पण बिजागरीचा हलका खेळ आणि पत्र्याची वक्रता मी धरली नव्हती. सुमारे दीड मिलिमीटरचा फरक निघाला, तो मी गोल कानशीने दाराचे भोक लांबवून मिटवला, आणि काही दिवसांच्या उड्डाणांनंतर ते भोक अंड्याच्या आकाराचे झाले. दार नव्याने करावे लागले. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. बिजागरी पूर्ण रिव्हेट होऊन दार सहज उघडझाप होऊ लागल्यावर, भोवती सारखी फट ठेवून, दार चिकटपट्टीने चौकटीवर पक्के बसवायचे. मग दार आणि चौकट दोन्हींतून एकदमच २.५ मिलिमीटरचे मार्गदर्शक भोक, म्हणजे ४० क्रमांकाच्या ड्रिलचे, पाडायचे आणि लगेच त्यात क्लेको, म्हणजे पत्रे तात्पुरते एकत्र धरणारी स्प्रिंगची पिन, घालायचा. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून दुसऱ्या कोपऱ्याकडे जायचे. मधली भोके शेवटी. चारही क्लेको लागलेले असताना दार उघडून-बंद करून पाहता येत नाही हे खरे, म्हणून एक एक क्लेको काढून प्रत्येक भोकाचा मध्य जुळतो का ते डोळ्यांनी तपासावे.

मोठे भोक साध्या ड्रिलने पाडण्याचा मोह टाळावा. पातळ पत्र्यात मोठे ट्विस्ट ड्रिल शेवटच्या क्षणी पत्रा ओढते आणि भोक तिकोनी होते. पायऱ्यापायऱ्यांचे स्टेप ड्रिल, मागे लाकडाचा ठोकळा धरून आणि हळू वेगाने, हा सुरक्षित मार्ग आहे. अंतिम मापाच्या थोडे आधी थांबून उरलेले काम रीमरने, म्हणजे भोक अचूक मापाला आणणाऱ्या हत्याराने, केले तर कड गुळगुळीत निघते. दोन्ही बाजूंची बर, म्हणजे ड्रिलने उठलेली धारदार कड, काढावी. नखाने चाचपून कुठेही अडखळले नाही की झाले. दाराच्या आणि चौकटीच्या भोकांचे माप एकसारखे नसते. दारातले भोक स्टडच्या ग्रॉमेटला, म्हणजे स्टडभोवतीच्या धातूच्या कड्याला, बसणारे असते, तर चौकटीतले त्या स्टडला मोकळे जाऊ देणारे, मोठे. उत्पादकाच्या तक्त्यातले माप त्याच मालिकेसाठी वाचावे. एका मालिकेचे ग्रॉमेट आणि दुसऱ्या मालिकेचा स्टड एकत्र आणणारे लोकही मी पाहिले आहेत.

डोके पत्र्याच्या पातळीत बसणारा स्टड हवा असेल, तर दाराचे भोक डिंपल करावे लागते, म्हणजे साच्यात दाबून कडेला खोलगट करावे लागते. २०२४-टी३ सारखा कडक पत्रा मोठ्या डिंपलला सहज तयार होत नाही, आणि भोकाच्या कडेला बारीक खरचटा जरी राहिला तरी तिथून तडा जातो. म्हणून त्याच पत्र्याच्या, त्याच जाडीच्या तुकड्यावर निदान तीन डिंपल करून, भिंगाखाली त्यांची कड पाहून मगच दाराला हात लावावा. स्पष्ट बोलायचे तर, आपल्या वेगाला आणि पहिल्याच विमानाला, पत्र्यावर किंचित उठून राहणारे गोलसर डोके मला अधिक शहाणपणाचे वाटते. त्याने होणारा वाऱ्याचा अडथळा आपल्याला वेगमापकात दिसणार नाही, आणि डिंपल बिघडला तर अख्खे दार जाते. ज्यांना पातळी हवीच आहे त्यांनी तक्त्यात डिंपलसाठी वेगळे ग्रॉमेट दिलेले असते हे पाहावे, कारण डोके किती खाली बसते त्यानुसार लांबीचा आकडा बदलतो.

रिसेप्टॅकल मध्यावर बसवणे हे या कामातले सर्वांत नाजूक काम आहे. चौकटीतल्या मोठ्या भोकात बरोबर बसेल असा लाकडाचा वा ॲल्युमिनियमचा लहान ठोकळा करून त्याच्या मध्यात बारीक भोक पाडले, आणि त्या मध्यापासून रिव्हेटची अंतरे मोजून एक छोटा साचा बनवला, तर चारही रिसेप्टॅकल सारखी बसतात. रिव्हेट भरीव असावेत, २.४ मिलिमीटरचे आणि शक्य तेथे स्क्वीझरने दाबलेले. पत्र्यातून बाहेर निघणारी शेपटी व्यासाच्या दीडपट, म्हणजे ३.६ मिलिमीटर ठेवावी. दाबल्यावर बनलेल्या डोक्याचा व्यास तितकाच आणि उंची अर्धा व्यास, १.२ मिलिमीटर, असावी. चौकटीची जी बाजू दाराकडे आहे त्या बाजूला रिव्हेटची डोकी पत्र्यात बुडालेलीच हवीत. ती वर राहिली, तर दार चौकटीवर नव्हे तर रिव्हेटच्या डोक्यांवर टेकते, आणि मग कोणतीही लांबी बरोबर येत नाही. चौकट १ मिलिमीटरची असल्याने २.४ मिलिमीटरच्या रिव्हेटसाठी काउंटरसिंक, म्हणजे डोके बुडावे म्हणून पत्रा कापून केलेला खळगा, चालतो, दाराच्या ०.८ मिलिमीटरच्या पत्र्याला तो जेमतेम चालतो, म्हणून मी तिथे डिंपलच करतो.

आता लांबी. आपल्या चाचणीत बहुधा आपण नुसते पत्रे मोजले असावेत. वर सांगितलेला डबलर धरून तसेच मोजले तर: दार ०.८१, डबलर ०.६४ आणि चौकट १.०२ मिलिमीटर, मिळून २.४७. पण दाराला रबरी गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी पट्टी, असेल, तर ते दबल्यावर समजा ०.८ मिलिमीटर उरते, आणि दोन्ही बाजूंच्या प्रायमर-रंगाचे थर ०.१५ च्या घरात जातात. एकूण ३.४२. दोन्ही बेरजांत ०.९५ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि एक डॅश तर ०.७६ चाच असतो. म्हणजे गॅस्केट विसरले की स्टड एका पायरीने नक्कीच आखूड येतो, आणि आखूड स्टडची पिन कॅमपर्यंत पोचत नाही. उलट, गॅस्केट फार दबेल असे समजून एक पायरी लांब स्टड घेतला, तर तो लागतो पण दार सैल राहते. आपल्याकडे एक लागत नाही आणि दुसरा खडखडतो, याचा अर्थ दोन्ही ठिकाणी फट वेगवेगळी आहे आणि आपण एकच डॅश वापरला आहे. प्रत्येक फास्टनरची जागा स्वतंत्र मोजावी. त्यासाठी प्लॅस्टिसिनची, म्हणजे मुलांच्या खेळण्याच्या मऊ मातीची, लहान गोळी रिसेप्टॅकलशेजारी चौकटीवर ठेवून, गॅस्केटसकट दार हाताने दाबून बंद करावे. मग दार उघडून, चपटलेल्या गोळीची जाडी व्हर्नियरने घ्यावी आणि दार, डबलर व चौकट यांची जाडी तिच्यात मिळवावी. एकाच दारावर दोन वेगळ्या डॅशचे स्टड आले तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. फक्त कोणता कुठे ते दाराच्या आत लिहून ठेवावे. लांबी समायोजित होणारी रिसेप्टॅकलही मिळतात. गॅस्केट असलेल्या दारासाठी ती मला पसंत आहेत, कारण गॅस्केट वर्षा-दोन वर्षांत बसते आणि जाडी बदलते.

लागत नसलेला फास्टनर आखूड आहे की भोक सरकले आहे हे ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. तळहाताने दार त्या फास्टनरशेजारी जोराने दाबून धरा आणि मग फिरवा. लागला तर स्टड आखूड आहे. तरीही लागला नाही, किंवा स्टड तिरका शिरताना दिसला, तर मध्य चुकला आहे, आणि तिथे लांब स्टड घेऊन उपयोग नाही. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर तरंगते रिसेप्टॅकल तो पचवते. त्याहून जास्त असेल, तर रिव्हेट काढून रिसेप्टॅकल नव्या जागी बसवावे. दाराचे भोक कानशीने लांबवू नये.

योग्य फास्टनर हाताला कसा लागतो हे शब्दांत सांगणे थोडे अवघड आहे. फिरवताना सुरुवातीला जवळजवळ विरोध नसतो, शेवटच्या तिसऱ्या भागात स्पष्ट जोर लागतो, आणि मग पिन चढाव ओलांडून खळग्यात पडते तेव्हा बोटांना टक्क असे जाणवते. स्क्रूड्रायव्हरवर अंग टाकावे लागत असेल तर स्टड आखूड आहे. विरोधच येत नसेल तर लांब. स्क्रूड्रायव्हर रुंद पात्याचा, खाचेत पुरता बसणारा आणि हाताने फिरवायचा असावा. बॅटरीवरचा ड्रायव्हर इथे वापरला की खाच झिजते किंवा रिसेप्टॅकलची स्प्रिंग वाकते.

स्टड दारातून निसटू नये म्हणून आतल्या बाजूला चीर असलेली रिंग किंवा ग्रॉमेटचा उलटा ओठ असतो. तो उत्पादकाच्या हत्याराने बसवावा. वायसमध्ये दाबून बसवलेला ग्रॉमेट बऱ्याचदा तिरका बसतो आणि स्टड अडकतो. सुटलेला स्टड जमिनीवर पडला तर नवा घेता येतो, पण तो बॅटरीच्या टोकांमध्ये किंवा नियंत्रण-केबलच्या कप्पीत पडला तर मोठा प्रसंग ओढवतो.

रिसेप्टॅकल सहसा पोलादी असतात आणि चौकट ॲल्युमिनियमची. दोघांच्या मध्ये ओलावा गेला की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. म्हणून भोके पूर्ण झाल्यावर चौकटीला प्रायमर लावून, तो वाळल्यानंतरच रिसेप्टॅकल रिव्हेट करावीत, आणि काउंटरसिंक केलेल्या उघड्या धातूला पुन्हा प्रायमर द्यावा. बॅटरीच्या दाराला हे विशेष लागू आहे, कारण आम्लाची वाफ कडेच्या फटींतच थांबते.

शेवटी, सगळे फास्टनर बंद असताना त्यांच्या खाचा एकाच दिशेने, वाऱ्याच्या रेषेत येतील असे स्टड बसवता आले तर उत्तम. ते नाही जमले, तर बंद स्थितीत खाचेच्या रेषेतून शेजारच्या पत्र्यावर लाल रंगाची बारीक रेघ ओढावी. उड्डाणापूर्वीच्या फेरीत चालता चालता नजर टाकली तरी तुटलेली रेघ लगेच दिसते. पहिली काही उड्डाणे झाल्यावर दार उघडून गॅस्केटवरचा ठसा पाहावा: जिथे तो फिका आहे, तिथे कड अजून उचलली जात आहे, आणि त्या फास्टनरची लांबी किंवा कडेचे वळण पुन्हा तपासायचे आहे.